टोमॅटोचे बूड काळे पडते, फुले गळतात: काय करावे?

प्रश्न: गच्चीवर सहा कुंड्यांत टोमॅटो लावले आहेत. प्रत्येक कुंडीत साधारण १० लिटर माती मावते. हे दुसरे वर्ष आहे. झाडे खांद्याएवढी उंच झाली आहेत, पाने गडद हिरवी आणि दाट आहेत, पण निम्म्याहून अधिक फुले गळून पडतात. जी फळे धरतात ती लिंबाएवढी झाली की त्यांचे बूड आधी पाणचट होते आणि मग काळे पडते. अंड्याची टरफले घातली, एप्सम सॉल्ट दिले, पानांवर कॅल्शियमची फवारणीही केली. खत दर आठवड्याला देते. पाणी कामावरून आल्यावर संध्याकाळी घालते, एखाद्या दिवशी राहिले तर दुसऱ्या दिवशी भरपूर घालते. आता खालची पाने वरच्या बाजूला वळू लागली आहेत. हा विषाणू तर नसेल? कोणते औषध फवारावे, की झाडे उपटूनच टाकावीत?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

झाडे उपटू नका आणि तूर्त कोणतेही औषध फवारू नका. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत, म्हणून तीन रोग असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बूड काळे पडणे, फुले गळणे आणि खालची पाने वळणे या तिन्हींचा माग काढत गेले की आपण बहुतांशी एकाच जागी येऊन पोहोचतो, ती म्हणजे कुंडीतली मुळे आणि त्यांना मिळणारे पाणी व खत. ‘एखाद्या दिवशी राहिले तर दुसऱ्या दिवशी भरपूर घालते’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला संपूर्ण पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले.

आधी काळ्या बुडाविषयी लिहितो, कारण त्यावर तुम्ही सर्वांत जास्त मेहनत घेतली आहे. या विकाराला ‘ब्लॉसम एंड रॉट’ म्हणतात. तो बुरशीमुळे किंवा जिवाणूमुळे होत नाही, त्यामुळे एका फळावरून दुसऱ्या फळावर पसरतही नाही. फळ झपाट्याने वाढत असताना त्याच्या टोकाकडील पेशींना कॅल्शियम कमी पडले की त्या पेशींच्या भिंती नीट बांधल्या जात नाहीत; पेशी फुटतात आणि तो भाग आधी पाणचट, मग तपकिरी आणि शेवटी चामड्यासारखा काळा व चपटा होतो. इथपर्यंत ऐकले की कोणीही म्हणेल, मग कॅल्शियम द्या. गफलत होते ती इथेच. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसे असते; ते फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

झाडामध्ये कॅल्शियम मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर वाहत जाते, आणि हे पाणी ज्या अवयवातून अधिक बाष्पीभवन होते त्याच्याकडे अधिक ओढले जाते. पानांना असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात; टोमॅटोच्या फळाच्या सालीवर मात्र रंध्रे नसतात. त्यामुळे कडक उन्हात दाट पानोऱ्याचे झाड बहुतेक पाणी, आणि त्याबरोबर बहुतेक कॅल्शियमही, पानांकडे खेचून घेते. फळाच्या वाट्याला आधीच थोडे येते, त्यातही देठापासून सर्वांत लांब असलेल्या टोकाला सर्वांत कमी. अशा वेळी माती एक दिवस जरी कोरडी पडली तरी टोकाकडचा पुरवठा जवळजवळ थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी घातले म्हणून आदल्या दिवशी कमकुवत बांधल्या गेलेल्या पेशी पुन्हा बांधल्या जात नाहीत.

आता तुम्ही केलेल्या उपायांकडे पाहू. अंड्याची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते मातीत इतक्या सावकाश विरघळते की जाडसर तुकडे पुढच्या वर्षी कुंडी उपसताना जसेच्या तसे हाताला लागतात. त्यांनी नुकसान होत नाही, पण या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोगही नाही. पानांवर फवारलेले कॅल्शियम पानातच राहते, कारण पानातून फळाकडे अन्नरस नेणाऱ्या वाहिन्यांतून कॅल्शियम फारसे वाहत नाही. एप्सम सॉल्ट मात्र आजच बंद करा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ते मॅग्नेशियम सल्फेट असते, त्यात कॅल्शियम अजिबात नसते, आणि मातीत मॅग्नेशियम जास्त झाले की मुळांना कॅल्शियम घेणे आणखी अवघड जाते. बुडाच्या विकारावर हा उपाय सर्रास सुचवला जातो आणि तो उलट दिशेने काम करतो, याचे मला दर हंगामात वाईट वाटते.

दर आठवड्याच्या खताचीही यात भूमिका आहे. खताचे क्षार मातीत साठले की मुळांना पाणी ओढणे जड जाते. शिवाय अमोनियाच्या रूपातले नत्र (नायट्रोजन) आणि जादा पालाश (पोटॅश) हे दोन्ही कॅल्शियमशी स्पर्धा करतात. कुंडीच्या कडेला किंवा तळच्या भोकांभोवती पांढरट थर दिसत असेल तर तो बहुधा याच क्षारांचा असतो. तसे असल्यास एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधे पाणी हळूहळू ओतून ते तळातून वाहून जाऊ द्या आणि पुढचे तीन आठवडे खत देऊ नका.

पाणी देण्याच्या पद्धतीवर मी थोडा अधिक वेळ घालवणार आहे. भर उन्हाळ्यात पूर्ण वाढलेले टोमॅटोचे झाड दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज पिते. तुमच्या १० लिटरच्या कुंडीत मुळे, खत आणि माती यांच्यामध्ये झाडाच्या उपयोगाला येईल असे पाणी जेमतेम तेवढेच मावते. याचा अर्थ असा की सकाळी भरलेली कुंडी दुपार कलताना रिकामी होत आलेली असते, आणि एक संध्याकाळ चुकली की झाड दीड दिवस तहानेवर उभे राहते. पाणी तोडून घातले की पुन्हा दुसरी अडचण उभी राहते. कुंडीतले मिश्रण पार सुकले की ते आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. त्या फटीतून तुम्ही ओतलेले पाणी सरळ तळाशी जाते, ताटलीत येते, आणि आपल्याला वाटते की कुंडी भरली. मधला मुळांचा गोळा कोरडाच असतो. खात्री करायची असेल तर पाणी घातल्यावर दहा मिनिटांनी एक काडी मधोमध खोल खुपसून बाहेर काढा. तिला ओली माती चिकटली नसेल तर पाणी मुळांना मिळालेले नाही. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात अर्धा तास ठेवली की मिश्रण पुन्हा फुगून भिंतीला लागते.

पाणी कधी द्यायचे हे दिनदर्शिकेवरून ठरवू नये. बोट दोन पेरे आत घालून पाहावे. तिथे माती थंड आणि ओलसर लागली तर थांबावे, कोरडी लागली तर द्यावे, आणि द्यायचे तेव्हा तळातून थोडे पाणी निथळेपर्यंत सावकाश द्यावे. मातीत वाफसा कायम राहिला पाहिजे, म्हणजे ओल असावी पण चिखल नसावा, कारण सतत चिखलात राहिलेली मुळे हवेअभावी गुदमरतात आणि गुदमरलेली मुळेही कॅल्शियम घेऊ शकत नाहीत. पाण्यासाठी सकाळची वेळ उत्तम आहे, कारण दिवसभराच्या उन्हाला झाड भरल्या पोटी सामोरे जाते. तुम्हाला संध्याकाळीच सवड मिळत असेल तर संध्याकाळी द्या, परंतु पानांवर न उडवता बुंध्याशी द्या. नियमितपणाचे महत्त्व वेळेपेक्षा जास्त आहे. रोज ठरलेल्या वेळी घरी पोहोचणे शक्य नसेल तर नळाला लावायचा साधा टायमर आणि ठिबकची नळी हा सर्वांत चांगला मार्ग. तो नसेल तर तळाशी पाण्याचा साठा असलेली आणि वातीने पाणी वर ओढणारी कुंडी वापरावी. मातीवर वाळलेली पाने, गवत किंवा भुसा यांचे चार-पाच सेंटिमीटर जाडीचे आच्छादन तर आजच घाला. तेवढ्यानेही ओल बराच जास्त वेळ टिकते. ज्या वाचकांचे टोमॅटो जमिनीवरच्या वाफ्यात आहेत त्यांना आठवड्याला चौरस मीटरमागे सुमारे २५ ते ४० लिटर पाणी, दोन किंवा तीन पाळ्यांत, हा अंदाज पुरेसा आहे; वाफ्यात मुळे खोल जातात आणि जमीन अशा चुका पोटात घालते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा धीर सुटणार नाही. बुडाचे नुकसान फळ वाटाण्यापासून गोटीएवढे होत असताना, म्हणजे फूल धरल्यानंतरच्या साधारण पहिल्या दोन आठवड्यांत होते. काळा डाग दिसतो तो नंतर. त्यामुळे आजपासून पाण्याची घडी नीट बसवली तरी पुढचे दोन-तीन आठवडे काही फळांचे बूड काळे पडतच राहील. उपाय फसला असे समजून पुन्हा काही फवारायला जाऊ नका. फरक पाहायचा तो आज फुलावर असलेल्या घोसांत पाहा. काळी पडलेली फळे झाडावर ठेवू नका, कारण त्यांना पोसण्यात झाडाची शक्ती जाते आणि त्या मेलेल्या भागावर नंतर बुरशी वस्ती करते. काढलेल्या फळाला बुरशी नसेल तर काळा भाग कापून उरलेले फळ खाण्यास हरकत नाही.

आता फूलगळ. हिच्यावर तोडगा सुचवण्याआधी एक फूल जवळून पाहा. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक गाठीसारखा सांधा असतो. फूल गळणार असेल तर आधी तो सांधा पिवळा पडतो आणि फूल तिथूनच तुटते. सांधा हिरवा आणि टणक असेल, पाकळ्या वाळून मागे वळल्या असतील आणि त्यांच्या बुडाशी मोहरीएवढा हिरवा मणी दिसत असेल, तर फळ धरले आहे. सकाळी कुंड्यांजवळ पाच मिनिटे थांबून हे सांधे पाहण्याची सवय लावून घ्या. झाडाचे काय चालले आहे हे तुम्हाला आठवडाभर आधी कळू लागेल.

फुले गळण्याचे सर्वांत मोठे कारण तापमान आहे. दिवसा २१ ते ३० अंश सेल्सियस आणि रात्री १५ ते २० अंश असताना टोमॅटोची फळधारणा चांगली होते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास किंवा वर जाऊ लागले, किंवा रात्री उष्म्याच्या राहू लागल्या, की परागकण निकामी होतात. रात्रीचे तापमान १३ अंशांच्या खाली गेले तरीही हेच घडते. अशा दिवसांत तुमच्या हातात फार थोडे असते: गच्चीवर दुपारच्या उन्हाला आडवे येईल असे पातळ जाळीचे कापड बांधा, तापलेल्या फरशीवरून कुंड्या उचलून विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा आणि हवामान बदलेपर्यंत वाट पाहा. झाड पुन्हा फुलेल. फुलांसाठी मिळणाऱ्या संप्रेरकांच्या बाटल्यांच्या मागे लागू नका असाच माझा सल्ला राहील.

तुमच्या बाबतीत मात्र उष्णतेच्या जोडीला दुसरे कारण स्पष्ट दिसते. गडद हिरवा, दाट पानोरा आणि खांद्याएवढी उंची हे लक्षण आरोग्याचे वाटते, पण ज्या झाडावर पाने उदंड आणि फळे मोजकी असतात ते झाड माजलेले असते. आठवड्याच्या खतातून त्याला नत्र इतके मिळते आहे की त्याला फळावर जाण्याची गरजच वाटत नाही. पानांसाठी तयार केलेले खत आणि टोमॅटोचे खत यांत फरक असतो; पिशवीवरील तीन आकड्यांपैकी पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आणि तिसरा पालाशचा असतो. फुलोरा सुरू झाल्यावर पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा लहान असलेले खत, पिशवीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा निम्म्या मात्रेने, दोन आठवड्यांतून एकदा द्यावे, आणि तेही माती ओली असताना. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत लावणीच्या वेळी घातलेले असेल तर पहिले घोस धरेपर्यंत वेगळ्या खताची गरज सहसा पडत नाही.

परागीभवनाला तुम्ही थोडी मदतही करू शकता. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे दुसऱ्या झाडाची गरज नसते. परंतु पुंकेसर एकत्र येऊन त्यांची एक बंद नळी झालेली असते आणि तिच्या आतले पराग हलवल्याशिवाय खाली पडत नाहीत. मोकळ्या जागेत हे काम वारा करतो. भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्या फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. पोळ्यातल्या साध्या मधमाशीला ते जमत नाही. गच्ची आडोशाला असेल तर सकाळी दहा ते दुपारपर्यंत, हवा कोरडी असताना, उमललेल्या घोसाच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात. इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू देठाला दोन सेकंद लावली तर पिवळी धूळ उडताना डोळ्यांनी दिसते. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारू नये असे मी कळकळीने सांगतो ते याच भुंग्यांसाठी.

पाने वळण्याबद्दल तुम्हाला वाटणारी भीती मी समजू शकतो. पहिल्याच वर्षी माझ्या चार झाडांची पाने वळली तेव्हा विषाणू समजून मी ती मुळासकट उपटली; बाजूला टाकलेल्या त्या झाडांच्या मुळ्या पांढऱ्या शुभ्र आणि निरोगी होत्या, आणि शेंडे तर त्याहून टवटवीत. तेव्हापासून मी आधी शेंडा पाहतो. उन्हाने, पाण्याच्या ताणाने किंवा एकदम खूप छाटणी केल्याने जी पाने वळतात ती खालची, जुनी पाने असतात. त्यांच्या कडा वर वळून पान पन्हाळीसारखे होते, हाताला जाड आणि कडक लागते, पण त्याचा हिरवा रंग जात नाही आणि झाडाचा शेंडा वाढतच राहतो. हा रोग नव्हे. झाड आपले पाणी वाचवत असते. याउलट पांढऱ्या माशीने पसरवलेल्या पर्णगुच्छ विषाणूत सुरुवात शेंड्याकडून होते. नवी पाने लहान, चुरगळलेली आणि वाटीसारखी वळलेली येतात, त्यांच्या कडा पिवळ्या पडतात, पेरे आखूड होऊन शेंडा झुडपासारखा गुच्छ होतो आणि वाढ तिथेच खुंटते. तुमच्या पत्रात खालची पाने वळल्याचे आणि झाड उंच वाढत असल्याचे लिहिले आहे, म्हणून हा विषाणू नसावा असे मला वाटते. तरीही प्रत्येक झाडाचा शेंडा एकदा नीट पाहा आणि पानांच्या मागे पांढऱ्या माश्या आहेत का हे पान हलवून तपासा. एखाद्या झाडावर विषाणूची लक्षणे खरोखरच दिसली तर त्यावर औषध नाही. ते झाड पिशवीत झाकून काढून टाकावे आणि बाकीच्यांसाठी चिकट पिवळे सापळे लावावेत.

जे खरोखर रोग आहेत त्यांची ओळखही करून ठेवा. करपा दोन प्रकारचा असतो. लवकर येणारा करपा खालच्या पानांपासून सुरू होतो आणि त्याच्या तपकिरी डागांत एकात एक वर्तुळे दिसतात, ओंडक्याच्या कापावर दिसतात तशी. पाणी घालताना मातीचे शिंतोडे पानांवर उडतात आणि त्यांतून ही बुरशी चढते, म्हणून झाड कमरेएवढे झाले की जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने काढून टाकावीत आणि आच्छादन ठेवावे. डागाळलेली पाने वेळीच काढत गेल्यास झाड या रोगातूनही फळे देते. उशिरा येणारा करपा मात्र निर्दय असतो: थंड, ओल्या हवेत पानांवर आणि खोडावर तेलकट काळपट चट्टे पडतात, दमट सकाळी पानाच्या मागे पांढरट बुरशी दिसते आणि काही दिवसांत झाड होरपळल्यासारखे होते. १८४५ पासून आयर्लंडमधले बटाट्याचे पीक ज्या रोगाने बुडवले तोच हा. असे झाड त्याच दिवशी काढावे आणि कंपोस्टात घालू नये.

आणखी एक चाचणी सांगतो, कारण ती घरच्या घरी होते आणि तिचा निकाल डोळ्यांना दिसतो. भरपूर ओल असूनही हिरवेगार झाड अचानक मान टाकून कोमेजले आणि संध्याकाळी सावरले नाही, तर त्याच्या बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात, फक्त टोक बुडेल असा, न हलवता धरावा. पाच मिनिटांत कापातून दुधट पांढऱ्या रेषा पाण्यात खाली उतरू लागल्या तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्यावर उपचार नाही, आणि त्या कुंडीतली माती टोमॅटोवर्गीय पिकांसाठी पुन्हा वापरता येत नाही. रेषा उतरल्या नाहीत, झाड आधी एका बाजूने पिवळे पडले आणि खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी पट्टे दिसले, तर तो बुरशीजन्य मर असण्याची शक्यता अधिक. बियांच्या पाकिटावर वाणाच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर छापलेले असते ते फ्युझेरियम नावाच्या याच बुरशीला तोंड देण्याच्या क्षमतेसाठी; ‘व्ही’ म्हणजे व्हर्टिसिलियम ही मर आणणारी दुसरी बुरशी आणि ‘एन’ म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी.

मावा, पानांतला रस शोषणारे बारीक कोळी आणि पानात नागमोडी रेषा कोरणारी नागअळी यांचा बंदोबस्त बहुतेक वेळा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि लागलेली पाने खुडून होतो. फळ पोखरणारी अळी हाताने वेचावी. फळावर गोल भोक दिसले की ते फळ तोडून नष्ट करावे.

पुढच्या लावणीसाठी तुम्हाला दोनच बदल करायला सांगेन, पण ते आवर्जून करा. पहिला बदल कुंडीचा. एका झाडाला किमान २० लिटर माती द्या. उंच वाढत राहणाऱ्या वाणांना ३०-४० लिटर मिळाली तर अधिक चांगले. सहा लहान कुंड्यांऐवजी तीन मोठ्या कुंड्यांतली तीन झाडे तुम्हाला अधिक फळे देतील, आणि एखादी संध्याकाळ चुकली तरी झाडांना ताण बसणार नाही. त्यांतल्या एका कुंडीत लहान, चेरी जातीचा वाण जरूर लावा. लहान फळाचे टोक देठापासून फार लांब नसते, त्यामुळे त्याचे बूड क्वचितच काळे पडते, आणि अशी झाडे मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा उष्णतेतही अधिक फळे धरतात. जुनी माती पुन्हा टोमॅटोला, आणि वांगी, मिरची किंवा बटाटा यांनाही वापरू नका, कारण ही सगळी एकाच कुळातली आहेत. ती माती पालेभाजी किंवा शेंगभाजीला द्या आणि तीन वर्षे उलटल्यावर पुन्हा टोमॅटोकडे आणा.

दुसरा बदल लावणीच्या खोलीचा. टोमॅटोच्या खोडावर बारीक लव असते, आणि खोडाचा जो भाग मातीत जातो त्यातून नवी मुळे फुटतात. रोप वीतभर उंचीचे आणि पाच-सहा खऱ्या पानांचे (बी उगवताना येणारी पहिली दोन पाने सोडून) झाले की खालची पाने काढून त्याचा दोन-तृतीयांश भाग मातीत जाईल इतके खोल लावा. कुंडी तेवढी खोल नसेल तर चर करून रोप आडवे निजवा आणि शेंडा वर वळवा. दोन दिवसांत तो आपोआप उभा राहतो. लावल्यानंतर आठवडाभर झाड काहीच करत नाही असे वाटेल, कारण त्या काळात ते खाली मुळे वाढवत असते. आधाराची काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर नव्या मुळांना इजा होते. उंच वाढणाऱ्या वाणाच्या पानाच्या बगलेतून निघणारे फुटवे बोटाएवढे असतानाच खुडावेत. झुडपासारखा, ठरावीक उंचीला थांबणारा वाण असेल तर ते खुडू नयेत, कारण त्याची बहुतेक फळे त्याच फुटव्यांवर येतात. पाने मात्र बेताने काढा: फळावर थेट ऊन पडले तर सालीवर पांढरट, कागदासारखा चट्टा येतो.

सध्याच्या झाडांचे काय, हा प्रश्न उरतो. खांद्याएवढ्या झाडाची कुंडी आता बदलू नका; मुळे दुखावली की उरलेली फुलेही जातील. काळ्या बुडाची सगळी फळे आज काढा, सुकलेल्या कुंड्या एकदा टबात भिजवा, क्षार धुऊन काढा, आच्छादन घाला आणि दुपारच्या सावलीची सोय करा. झाडे फारच दाट असतील तर आतली, एकमेकांवर चढलेली थोडी पाने काढून हवा खेळती करा, पण एका वेळी तीन-चार पानांपेक्षा जास्त नको. त्यानंतर उमलणाऱ्या पहिल्या घोसाला लाल दोरा बांधून ठेवा. तीन आठवड्यांनी त्या घोसातल्या फळांची बुडे पाहा आणि ती कशी आहेत हे मला लिहून कळवा.